पाळण्यांतले पाय

‘मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात’ ही म्हण मीं वर्गांत आणि पालकांच्या भेटीच्या वेळीं आजवर इतक्या वेळां उच्चारली आहे कीं, ती माझ्या तोंडीं अगदीं मुरून गेली होती. परंतु अलीकडे ती उच्चारतांना माझी जीभ अडखळते. हा पालट एखाद्या थोर ग्रंथाच्या वाचनानें झाला असता, तर सांगावयास बरें दिसलें असतें. पण तो झाला बेसबॉल नांवाच्या एका परक्या खेळावरून चाललेल्या घरगुती वादामुळें. तो वाद विद्यार्थीमित्रांच्या व त्यांच्या आईवडिलांच्या कानीं घालावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

माझी धाकटी बहीण अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत डेट्रॉइट शहराजवळ राहते. 2025 सालच्या उन्हाळ्याच्या सुटींत मी महिनाभर तिच्याकडे होतों. तिच्या शेजारीं सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहत. मोटारींच्या कारखान्यांत उभी हयात घालवून ते निवृत्त झाले होते. माझीं भाचरें त्यांस आजोबा म्हणत, म्हणून मीही येथें त्यांस आजोबाच म्हणतों. दर शनिवारीं त्यांचा चाळिशींतला मुलगा भेटीस येई, आणि मग अंगणांत खुर्च्या टाकून, जवळ रेडिओ लावून, पितापुत्र डेट्रॉइट टायगर्स या आपल्या आवडत्या संघाचा सामना ऐकत बसत. मी पडलों क्रिकेटच्या देशांतला माणूस. मला त्या खेळांतलें प्रथम ओ कीं ठो कळेना. परंतु त्या दोघांचा वाद मात्र मला लवकरच कळूं लागला, कारण तसला वाद माझ्या स्वतःच्या धंद्यांतही रोज चालू असतो.

वादाचा विषय थोडक्यांत असा. बेसबॉलमध्यें चेंडू फेंकणाऱ्यास पिचर म्हणतात. आपल्या गोलंदाजाप्रमाणें तो षटक टाकून बाजूस होत नाहीं. सामन्याचा आरंभ करणारा पिचर पुष्कळ वेळ एकटाच चेंडू फेंकीत असतो, आणि त्यानंतर त्याच्या खांद्यास चारपांच दिवसांची विश्रांति द्यावी लागते. हंगामांत एकेका संघास 162 सामने खेळावयाचे असतात. तेव्हां उत्तम पिचर ज्या संघापाशीं अधिक, त्याचें पारडें जड. असा नामांकित पिचर हंगामाच्या मध्यावर हवा असेल, तर तो बहुधा तळाशीं गेलेल्या एखाद्या संघाकडून मिळवावा लागतो. आणि तो संघ त्याच्या बदल्यांत होतकरू मुलें मागतो. प्रत्येक मोठ्या संघाच्या हाताखालीं पायरीपायरीनें लहान संघ असतात, व त्यांत अठरावीस वर्षांचीं मुलें तयार होत असतात. त्यांतील बहुतेकांस वरची पायरी कधींच दिसत नाहीं. परंतु जो पोंचतो तो पहिलीं सुमारें सहा वर्षें त्याच संघाशीं बांधलेला राहतो, म्हणून त्याचें मोल मोठें. अलीकडे ही देवघेव साधारणपणें जुलैअखेरच्या मुदतीपर्यंत उरकावी लागते. त्यामुळें जून लागला कीं, गांवोगांवच्या चाहत्यांत एकच खल सुरू होतो: आजचा तयार गडी घ्यावा, कीं उद्यांचीं मुलें राखावीं?

त्या जून महिन्यांत टायगर्स संघ आपल्या गटांत अग्रभागीं होता. मुलाचें म्हणणें असें कीं, ही संधि पुन्हा येणार नाहीं. आणखी एक कसलेला पिचर आणावा, आणि त्यासाठीं दोनतीन होतकरू मुलें खुशाल देऊन टाकावीं. आजोबा नुसती मान हलवीत. मला याचें नवल वाटे. ज्यांचे थोडे दिवस उरले ते म्हातारे आजचा विजय मागतील, आणि ज्यांस पुढें आयुष्य आहे ते तरुण उद्यांची वाट पाहतील, असा माझा समज होता. येथें सारें उलटेंच दिसत होतें.

मुलाजवळ दाखल्यांची वाण नव्हती. 2008 सालीं मिलवॉकी ब्रूअर्स संघानें क्लीव्हलंडकडून सी. सी. सबाथिया हा पिचर घेतला. त्यानें उरलेल्या हंगामांत 11 सामने जिंकून दिले, अवघे 2 गमावले, आणि 1982 नंतर प्रथमच तो संघ हंगामोत्तर स्पर्धेंत पोंचला. त्याच्या मोबदल्यांत गेलेल्या मुलांपैकीं ज्याचा सर्वांत अधिक बोलबाला होता, तो मॅट लापोर्टा पुढें फारसा चमकला नाहीं. 2016 सालच्या डिसेंबरांत बॉस्टन रेड सॉक्स संघानें चार होतकरू देऊन शिकागो व्हाइट सॉक्सकडून ख्रिस सेल यास घेतलें. 2018 सालीं बॉस्टन जगज्जेता झाला, आणि अखेरच्या सामन्यांतला अखेरचा गडी सेलनेंच बाद केला. “कळी उमलेल कीं नाहीं कोणास ठाऊक,” मुलगा म्हणे, “फूल मात्र समोर आहे!”

यावर आजोबा म्हणत, “त्याच मिलवॉकीच्या सौद्यांत ज्याचें नांव मागाहून घातलें गेलें, तो मायकेल ब्रँटली पुढें किती नामांकित फलंदाज झाला तें विसरलास वाटतें!” गवगवा झालेला मावळला, आणि शेवटीं नांव लागलेला उगवला. म्हणजे एकाच सौद्यांतून दोघेही आपापल्या बाजूचा पुरावा काढीत.

एका शनिवारीं आजोबांनीं रेडिओ बंद केला व 1987 सालची हकीकत सांगितली. त्या वर्षीं टायगर्स आणि टोरांटो ब्लू जेज यांच्यांत मोठी चुरस लागली होती. 12 ऑगस्ट रोजीं टायगर्सनीं अटलांटा ब्रेव्ह्ज या मागें पडलेल्या संघाकडून डॉइल अलेक्झांडर नांवाचा 36 वर्षांचा मुरलेला पिचर घेतला, आणि त्याच्या बदल्यांत जॉन स्मॉल्ट्झ नांवाचा 20 वर्षांचा मुलगा दिला. हा मुलगा मिशिगनचाच. लान्सिंग गांवीं वाढलेला, आणि बाळपणापासून टायगर्सचा भक्त. 1985 सालीं त्याच संघानें त्यास निवडलें होतें. परंतु त्या हंगामांत हाताखालच्या संघांत त्याच्या नांवावर 4 विजय आणि 10 पराभव होते. इकडे अलेक्झांडरनें आल्यापासून 11 सामन्यांत सुरुवात केली. 9 सामने त्यानें जिंकले, एकही हरला नाहीं, आणि दर नऊ डावांमागें त्याच्या खातीं सरासरी 1.53 धावाच पडल्या. 4 ऑक्टोबरला, हंगामाच्या अखेरच्या दिवशीं, टायगर्सनीं टोरांटोस 1–0 असें हरवून गटाचें विजेतेपद मिळविलें. “मी त्या दिवशीं मैदानावर होतों,” आजोबा म्हणाले, “शेजारच्या अनोळखी माणसास मिठी मारून रडलों.”

पुढची कथा इतकी गोड नाहीं. त्याच महिन्यांत मिनेसोटा ट्विन्स संघानें टायगर्सचा 4–1 असा पराभव केला. त्यांत अलेक्झांडर आपले दोन्ही सामने हरला. 1989 सालीं त्याच्या नांवावर 18 पराभव लागले, आणि त्या हंगामानंतर तो खेळला नाहीं. त्याच वर्षीं टायगर्सनीं 103 सामने गमावले. आणि चार जिंकून दहा हरलेला तो मुलगा? 1995 सालच्या जगज्जेत्या अटलांटा संघांत तो होता. 1996 सालीं 24 सामने जिंकून तो साय यंग पारितोषिकाचा मानकरी ठरला. साऱ्या कारकीर्दींत त्यानें 213 विजय मिळविले, आणि शिवाय शेवटच्या डावांत येऊन 154 सामने राखले. 2015 सालीं कूपर्सटाउन येथील बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत त्यास स्थान मिळालें.

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग खालच्या आवाजांत म्हणाला, “बाबा, आपला संघ जगज्जेता झाला तो 1984 सालीं. तेव्हां मी पाळण्यांत होतों. हीं होतकरू मुलें पांच वर्षांनीं तयार होतील, तेव्हां मी त्यांचा खेळ पाहीन, पण तुम्ही...” त्याचें वाक्य पुरें झालें नाहीं.

तेव्हां कोठें माझ्या ध्यानांत आलें. मुलगा आजचा विजय मागत होता तो वडिलांसाठीं, आणि वडील उद्यांचीं मुलें राखूं पाहत होते तीं आपल्यामागें राहणाऱ्या मुलासाठीं.

आजोबा हंसले. म्हणाले, “अरे, तो सौदा करणारांस मीं कधींच दोष दिला नाहीं. पुन्हा तो ऑगस्ट आला, तर मी पुन्हा टाळ्याच वाजवीन. अलेक्झांडरनें जें द्यावयाचें तें दिलें. मला लाज वाटते ती निराळ्याच गोष्टीची. सौद्याच्या दुसऱ्या दिवशीं कारखान्यांत जेवणाच्या सुटींत मीं वर्तमानपत्रांतून त्या पोराचे आंकडे मोठ्यानें वाचले, ‘चार जिंकले, दहा हरले’, आणि म्हणालों, ‘गेलें तें काय, कोंडाच ना!’ सगळे हंसले. मीही हंसलों. द्यावयाचें तर द्यावें. पण देणें सोपें जावें म्हणून त्यास कोंडा ठरवूं नये.”

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. सुमारें अठरा वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका गांवीं नवाच शिक्षक होतों, व शाळेच्या क्रिकेट संघाची निवड माझ्याकडे होती. आंतरशालेय सामन्याच्या आदल्या दिवशीं एका जागेसाठीं दोन गोलंदाज उरले. एक दहावींतला, कसलेला, वर्षअखेर शाळा सोडून जाणारा. दुसरा आठवींतला, हातांत वेग असलेला, पण चेंडूवर ताबा नसलेला. मीं मोठ्यास घेतलें, आणि सामना आम्ही जिंकलों. ती निवड चुकली असें मला आजही म्हणवत नाहीं. परंतु तो धाकटा मुलगा संध्याकाळीं माझ्यापुढें येऊन उभा राहिला व म्हणाला, “सर, मी कां नाहीं?” तेव्हां मीं काय सांगितलें? “तुझ्या हातांत गोलंदाजी नाहीं रे. मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात. तूं अभ्यासाकडे लक्ष दे.” वास्तविक मला तसें मुळींच वाटत नव्हतें. त्याचे भरलेले डोळे मला पाहवत नव्हते. बोलणें लवकर संपावें म्हणून मीं त्याचें मोल उणें केलें. तो ‘बरं सर’ म्हणून गेला, आणि त्यानंतर मैदानावर पुन्हा दिसला नाहीं. तो पुढें मोठा गोलंदाज झाला असता असें मी म्हणत नाहीं. बहुतेक मुलें होत नाहींत. परंतु तें ठरविण्याचा अधिकार माझ्या त्या एका वाक्यास नव्हता.

पुढें ऑक्टोबरांत बहिणीचा फोन आला. त्या वर्षीं टायगर्सनीं आपलीं नामांकित होतकरू मुलें दिलीं नाहींत, आणि सिॲटल मरीनर्सविरुद्धच्या निर्णायक सामन्यांत, पंधरा डाव चाललेल्या झुंजीनंतर, ते 3–2 असे हरले. “दादा,” ती म्हणाली, “बापलेक दोघेही शेवटपर्यंत जागे होते. आणि पुढच्या शनिवारीं अंगणांत तोच वाद पुन्हा सुरू!” आपलें खरें ठरलें असें त्या दोघांपैकीं कोणासही म्हणतां आलें नाहीं, पण खुर्च्या मात्र शेजारींशेजारींच होत्या, हें ऐकून मला समाधान वाटलें.

यंदा आमच्या शाळेचा संघ निवडतांना माझ्यावर पुन्हा तसाच प्रसंग आला. एक जागा आणि दोन मुलें. खरें सांगावयाचें तर मीं पुन्हा मोठ्यासच घेतलें. त्याचें हें शाळेंतील शेवटचें वर्ष. त्यानेंही चार वर्षें घाम गाळला आहे, आणि उद्यांच्या नांवावर आजच्याचा हक्क मारणें हाही अन्यायच होय. परंतु या वेळीं मीं धाकट्यास जवळ बसवून सांगितलें, “तुझा चेंडू त्याच्याहून वेगवान आहे, त्याचा तुझ्याहून सरळ जातो. उद्यांच्या सामन्यांत मला सरळ चेंडू हवा आहे, म्हणून तुला बसवीत आहें. पुढच्या वर्षीं पुन्हा पाहूं.” तो रुसला, त्याचे डोळेही भरले, आणि मला ते या वेळीं पाहत बसावें लागले. पण सोमवारीं सकाळीं मी शाळेंत आलों, तेव्हां तो सर्वांच्या आधीं मैदानावर येऊन, एकच स्टंप रोवून, त्याच्यावर नेम धरून चेंडू टाकीत होता.

विद्यार्थीमित्रहो, तुम्हांस संघांतून, वर्गांतून किंवा स्पर्धेंतून कधीं ना कधीं मागें बसविलें जाईल; बसविणाऱ्याचें कारण त्या दिवसापुरतें खरेंही असेल. तेवढ्यावरून स्वतःस कोंडा समजूं नका. आणि पालकवर्गास माझी नम्र विनंति आहे कीं, प्रगतिपुस्तकावर सही करतांना त्यांतले आंकडे अवश्य वाचावे, मुलास त्यांचा जाब अवश्य विचारावा. परंतु ते आंकडे त्या एका वर्षाचे आहेत, एवढें त्यास ऐकूं जाईल असें मोठ्यानें सांगावें. मी स्वतः ती जुनी म्हण वर्गांत वापरण्याचें आतां सोडून दिलें आहे.