सणाचा पगार

दसरा उलटला की वाण्याची यादी जड होऊ लागते. तेल, रवा, हरभराडाळ, सुकं खोबरं. सण तिथीने येतो, घरात पैसे आहेत की नाहीत हे विचारून येत नाही. महिन्याच्या पगारात महिना कसाबसा निभतो. सणाला हात थोडा मोकळा लागतो.

ही गरज ज्यांनी कायद्यात लिहून ठेवली, त्या देशांविषयी मला फार माया वाटते. फिलिपिन्समध्ये सप्टेंबर लागला की नाताळची गाणी ऐकू येतात. खिडक्यांत ‘पारोल’ नावाचे चांदणीच्या आकाराचे कंदील झुलतात, आपल्या आकाशकंदिलांची सख्खी भावंडंच. नाताळच्या मध्यरात्रीच्या जेवणात हॅम हवं, लाल आवरणातलं गोल चीज हवं. या जिन्नसांचे भाव तिथलं व्यापार खातं आधीच जाहीर करतं. आणि 1975 पासून तिथे तेरावा पगार कायद्याने मिळतो, 24 डिसेंबरच्या आत. 2013 च्या कायद्याने घरकाम करणाऱ्यांचाही तो हक्क ठरला. इंडोनेशियात वर्ष भरलेल्या कामगाराला ईदच्या किमान सात दिवस आधी महिन्याचा पगार जादा मिळतो. मग गावाकडच्या बोटी आणि गाड्या माणसांनी ओसंडतात. मेक्सिकोत 20 डिसेंबरच्या आत किमान पंधरा दिवसांची मजुरी हाती पडते.

आपल्याकडे बोनसचा कायदा 1965 मध्ये झाला. किमान 8.33 टक्के, म्हणजे वर्षाच्या मजुरीचा बारावा हिस्सा. पण तो कारखान्यांसाठी, मोठ्या आस्थापनांसाठी. आपल्या चकल्यांची भाजणी भाजून देणाऱ्या, माळ्यावरची भांडी घासून लखलखीत करणाऱ्या मावशींपर्यंत तो पोचला नाही. त्यांची दिवाळी मालकिणीच्या मनावर राहिली.

2022 च्या दिवाळीत राज्य सरकारने रेशनकार्डावर शंभर रुपयांत एकेक किलो रवा, साखर, हरभराडाळ आणि लिटरभर तेल दिलं. त्या पिशवीने कितीतरी घरांत कढई चढली. तरीही पिशवीत काय असावं, हे दुसऱ्याने ठरवलेलं असतं. करंज्या करायच्या की मुलाला शर्ट घ्यायचा, हे मावशींना स्वतः ठरवता आलं, तरच तो सण त्यांचा.

म्हणून यंदा वसुबारसेच्या आधीच आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंच्या हातात पूर्ण महिन्याचा जादा पगार ठेवा. त्यांना मागायला लावू नका.