खाणीत उगवलेलं रान

कॉर्नवॉल म्हणजे इंग्लंडचं नैर्ऋत्येकडचं टोक. तिन्ही बाजूंनी समुद्र, वाऱ्यात मीठ, आणि आभाळ असं की पाऊस पडून गेलाय की अजून पडायचाय ते कळू नये. सेंट ऑस्टेलच्या आसपास पांढुरके डोंगर दिसायला लागतात. मला ते खरेच डोंगर वाटले होते, पण ते चिनी मातीच्या खाणींतून काढून टाकलेल्या मालाचे ढीग! दीडशेहून अधिक वर्षं इथली माती कपबशांसाठी, गुळगुळीत कागदासाठी जगभर गेली आणि मागे उरले हे ढीग आणि खड्डे. त्यांतल्याच बोडेल्वा नावाच्या एका संपलेल्या खाणीत ईडन प्रोजेक्ट नावाची बाग उभी आहे.

काठावरून खाली नजर जाते आणि शब्दच सुचत नाहीत. साठेक मीटर खोल खड्डा, आणि त्याच्या एका कड्याला बिलगून बसलेले हे एवढे मोठे बुडबुडे! एकात एक शिरलेले, कुठे फुगलेले, कुठे आखडलेले, अंगभर षटकोनांची जाळी. ढग जरा सरकतो, ऊन पडतं आणि सगळे घुमट क्षणात दुधाळ चांदीसारखे चमकतात. खाली बागेत निळ्याजांभळ्या फुलांचे पट्टे, वर राखाडी आभाळ, मध्ये हे. परग्रहावरच्या कुणी येऊन अंडी घालून ठेवावीत, तसं.

लांबून वाटतं काच. पण काच कुठेच नाही. ईटीएफई नावाचा टेफ्लॉनच्या कुळातला पातळ पारदर्शक पडदा आहे, तीन थरांचा, मध्ये हवा भरून उशीसारखा फुगवलेला. तेवढ्याच काचेच्या वजनाच्या एक टक्काही भरत नाही. सर्वांत मोठा षटकोन अकरा मीटर रुंद. आपली एस.टी. त्यात जेमतेम आडवी मावेल! असे शेकडो. आणि आकार बुडबुड्याचाच का, तर आराखडा चालू होता तेव्हा खाणही चालूच होती. रोज खणती, रोज जमीन बदलती. निकोलस ग्रिमशॉ यांच्या वास्तुकारांना अशी इमारत हवी होती की जी पायाखाली काहीही आलं तरी बसेल. साबणाचा बुडबुडा बशीवर बसतो तसाच ओबडधोबड दगडावरही बसतो. हे मला कळलं तेव्हा मी पुन्हा मागे वळून सगळे घुमट नव्याने पाहिले. उत्तरेच्या कड्याला पाठ, दक्षिणेकडे तोंड. दिवसभर ऊन झेलायचं आणि मागच्या खडकाने ती ऊब धरून ठेवायची.

दार उघडतं आणि चष्म्यावर वाफ येते. बाहेर स्वेटर, आत घाम. आणि तो वास! ओली माती, कुजणारा पाला, कुठेतरी फुललेलं काहीतरी गोडसर. डोळे मिटले असते तर मी श्रावणातल्या सिंधुदुर्गात होतो. उघडले, तर समोर केळ. तीच, परसात सांडपाण्यावर वाढते ती. पुढे ऊस, भाताचं छोटं खाचर, जास्वंद, बांबूचं बेट. गोऱ्या आज्या नातवंडांना केळफूल दाखवतायत आणि ती पोरं तोंडाचा आ करून पाहतायत! केळफुलाची भाजी खाऊन वाढलेल्या माणसाला हे पाहताना कसं होतं, ते सांगता येत नाही. मग कोकोचं झाड आलं आणि आ करायची पाळी माझी. फळं फांदीला नाहीत, फणसासारखी थेट खोडाला लटकलेली, पिवळी, तांबूस, कंगोऱ्यांची. चॉकलेट इथून सुरू होतं!

हा वर्षावनाचा घुमट 55 मीटर उंच आहे. आपला गेटवे ऑफ इंडिया 26 मीटर. म्हणजे आत एकावर एक दोन गेटवे ठेवले तरी वर झाडाला शेंडा काढायला जागा उरते. लांबी 240 मीटर, आणि मध्ये एकही खांब नाही. धबधबा कोसळतोय, त्याचे तुषार पायवाटेवर येतात, तित्तिराच्या जातीचे गुबगुबीत पक्षी पायांत घुटमळतात. नराच्या डोक्यावर तांबडा तुरा. ते तिथे किडे वेचायच्या कामावर आहेत. छताला टांगलेल्या सज्जाकडे लोखंडी जिना जातो. पायऱ्या हलतात, वर जावं तसा उकाडा वाढतो, आणि मग खाली नुसता हिरवा समुद्र. माडाच्या झावळ्या वरून बघायच्या! आयुष्यभर त्या खालूनच पाहिल्या होत्या.

शेजारचा भूमध्य हवामानाचा घुमट कोरडा, सुगंधी, ऑलिव्ह आणि द्राक्षवेलींचा. सुंदर आहे, पण पहिल्याने मन इतकं भरलं होतं की त्याला न्याय देणं मला जमलं नाही.

मला मात्र घुमटांहून मोठी वाटली ती पायाखालची माती. या खाणीत झाड जगेल अशी माती नव्हतीच. 2001 साली हे सगळं लोकांसाठी उघडलं, त्याआधी इथे सुमारे 85,000 टन माती चक्क तयार केली गेली. आसपासच्या खाणींतली टाकाऊ वाळू आणि चिकणमाती घेतली, त्यात झाडांच्या सालींचं कुजवलेलं खत मिसळलं, आणि ती जिवंत होऊ दिली. काम सुरू झालं तेव्हा पावसाने खड्डा भरून टाकला होता. मग पाण्याचा निचरा बांधला आणि आता तेच झिरपाचं पाणी झाडांना जातं. टिम स्मिट या माणसाने आणि त्याच्या सोबत्यांनी हे ठरवलं तेव्हा तो खड्डा म्हणजे संपत आलेली खाण होती.

कोकणी माणसाला यातलं काही परकं वाटू नये. रत्नागिरी-देवगडकडे कातळाला सुरुंग लावून खड्डे पाडले, दुसरीकडून माती वाहून आणली आणि त्यात हापूसची कलमं लावली, ती आपल्याच लोकांनी. जिथे कुसळ उगवत नव्हतं तिथे जगप्रसिद्ध आंबा उभा केला. आणि त्याच कोकणात जांभा काढून संपलेल्या चिरेखाणी आज उघड्या पडल्यात. लालभडक उभ्या भिंती, पावसाळ्यात साचलेलं पाणी, कडेला टाकलेला कचरा. बोडेल्वापुढे त्या लहान आहेत, उथळ आहेत, आणि आपल्याला घुमटाची गरजच नाही. जी ऊब तिथे पडद्याआड कोंडून ठेवावी लागते, ती इथे बारा महिने आहे. जो पाऊस तिथे वर्षावनाला पुरत नाही, तो इथे चार महिने कोसळतो. लागेल ती फक्त माती आणि पाचदहा वर्षांचा धीर. तुमच्या गावात अशी एखादी पडीक चिरेखाण असेल, तर ग्रामसभेत तिचा विषय काढा. आणि येत्या मिरगाच्या आधी तिच्यात कचऱ्याऐवजी पालापाचोळा टाकायला सुरुवात करा.