होतेईची झोळी

ओसाकाला प्रोजेक्टवर आल्यापासून वीकेंडला देवळं बघायचा नाद लागलाय. इथे सात भाग्यदेव असतात, शिचिफुकुजिन. त्यातली बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती, बिशामोनतेन म्हणजे कुबेर आणि दाइकोकुतेन म्हणजे चक्क महाकाल! (तांदळाच्या पोत्यांवर उभा राहून हसणारा महाकाल. मी दोन मिनिटं बघतच राहिलो.)

पण आपली ओळख आहे ती सातव्याशी. सुटलेलं पोट, उघडी छाती, खांद्यावर झोळी. आपल्याकडे दुकानाच्या गल्ल्यावर बसतो तो लाफिंग बुद्धा हाच. इथे त्याला होतेई म्हणतात. होतेई म्हणजे कापडी झोळी. आणि हा गौतम बुद्ध नव्हेच. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनच्या झेजियांग भागात फिरणारा एक भिक्षू होता, लोक त्याला पुढे मैत्रेयाचा अवतार मानू लागले. क्योटोजवळ उजीला १६६१ साली स्थापन झालेलं मांपुकुजी नावाचं देऊळ आहे. तिथे शिरलात की समोर हाच, सोनेरी, मजेत बसलेला.

गंमत बघा, ज्याचं पोट चोळून आपण पैसा मागतो तो स्वतः भिक्षा मागत फिरायचा! मिळेल ते झोळीत, झोळीतला खाऊ पोरांना.

त्याची एक गोष्ट सांगतात. कुणीतरी विचारलं, झेन म्हणजे काय? त्याने उत्तर न देता झोळी धपकन खाली ठेवली. बरं, मग ते जगायचं कसं? त्याने झोळी उचलली आणि चालू पडला.

पहिलं उत्तर मला लगेच पटलं. सगळं सोडून द्या वगैरे आपल्याकडेही लहानपणापासून ऐकतोच की. अडतो तो दुसऱ्यावर. झोळी तीच, वजन तेवढंच, मग खांदा का दुखत नाही?

हे सगळं आत्ताच डोक्यात यायचं कारण म्हणजे मॅनेजरने विचारलंय, अजून एक वर्ष थांबतोस का? पैसे चांगले मिळतील. मागच्या वर्षीही ‘हे शेवटचं’ असंच ठरलं होतं. पुरे म्हणजे नक्की किती, हा आकडा कुठल्याच एक्सेल शीटमध्ये बसत नाहीये.

शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. आई म्हणते, ये आता परत. बाबा काहीच म्हणत नाहीत, फक्त फ्लॅटचे भाव सांगतात.