चांगली वस्ती

घर घ्यायचं ठरलं तेव्हा आम्हाला अमेरिकेत येऊन आठ वर्षं झाली होती. साल २०१२. थोरली पाच वर्षांची, धाकटा पाळण्यात. वॉशिंग्टनच्या पश्चिमेला व्हर्जिनिया राज्यात फेअरफॅक्स काउंटी आहे, तिथं आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. सप्टेंबरात थोरलीची शाळा सुरू होणार, म्हणून उन्हाळ्यात घर शोधायला बाहेर पडलो. घरं दाखवणाऱ्या एजंटबाई वयस्क, बोलक्या. छप्पर किती जुनं, तळघरात ओल येते का, कुंपणावरचं झाड कुणाच्या हद्दीत, सगळं न विचारता सांगायच्या. पण दुसऱ्याच घरापाशी आम्ही विचारलं, "ही वस्ती चांगली आहे का? इथली शाळा कशी आहे?" तशा बाई एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "ते मी सांगू शकत नाही. तुम्हीच इंटरनेटवर बघा."

कारण नंतर कळलं. मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाल्यावर आठवड्याभरात, एप्रिल १९६८ मध्ये, घरांच्या व्यवहारात भेदभावाला बंदी करणारा कायदा अमेरिकेत झाला. वंश, रंग, धर्म, मूळ देश बघून कुणाला घर नाकारायचं नाही, आणि गिऱ्हाइकाला एका वस्तीकडे ढकलून दुसरीपासून वळवायचंही नाही. 'चांगली शाळा' या शब्दांच्या पोटात तिथं बरंच काही दडलेलं असतं. काळी आणि गोरी मुलं एकत्र बसवण्यापेक्षा शाळाच नकोत म्हणून याच व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षं आपल्या सरकारी शाळांना कुलूप लावून ठेवलं होतं. त्यामुळे शहाणे एजंट शाळेबद्दल तोंडच उघडत नाहीत.

आम्हाला हसू आलं. २००३ मध्ये, लग्न नवीन असताना, पुण्यात आम्ही घर शोधत होतो. भाडं ठरायचं, अनामत ठरायची, चावी कुणाकडून घ्यायची तेही ठरायचं आणि मग दलाल विचारायचा, "नाव काय म्हणालात?" पुढचं या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. एकाने मात्र फार आपुलकीने समजावलं होतं, "अहो, वस्ती चांगली आहे, पण तुम्हाला करमायचं नाही." शेवटी कोंढव्यात जागा मिळाली आणि करमलंही. इथे मात्र कायदाच आमच्या बाजूने उभा होता. बाईंच्या गप्प राहण्याचा केवढा आदर वाटला! आणि त्याच रात्री पोरं निजल्यावर आम्ही संगणक उघडून बसलो.

तिथल्या शाळांची रीत थोडी सांगायला हवी. सरकारी शाळेला फी नाही, पुस्तकं फुकट, बस फुकट. पण मुलाने कुठल्या शाळेत जायचं ते घराचा पत्ता ठरवतो. शाळांचा खर्च मोठ्या प्रमाणात घरपट्टीतून निघतो. बऱ्याच राज्यांत प्रत्येक गावाचं शाळामंडळ वेगळं, म्हणून श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या गरीब पालकांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ते हरले. शिक्षण हा देशाच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असं न्यायालय म्हणालं. फेअरफॅक्सचं तसं नाही. तिथं अख्ख्या काउंटीचं एकच मंडळ आहे, सुमारे पावणेदोन लाख मुलांचं. पैसा एकाच तिजोरीतून येतो, उलट गरीब मुलं जास्त असलेल्या शाळेला शिक्षक थोडे जास्तच मिळतात. तरीही रस्त्याच्या या बाजूचं घर एका किमतीला आणि पलीकडचं दुसऱ्या. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी बॉस्टनच्या उपनगरांत अशा शाळांच्या सीमारेषेच्या दोन्ही बाजूंची घरं तपासली होती. त्यांचा अभ्यास १९९९ चा. शाळेचे परीक्षेतले गुण पाच टक्क्यांनी जास्त असले, तर पालक घराला अडीच टक्के जास्त मोजतात, असं त्यांना दिसलं. आम्ही ते वाचलं नव्हतं, पण वागलो तसेच.

संगणकावर प्रत्येक शाळेला एक ते दहापैकी आकडा दिलेला होता. आठ-नऊ-दहा हिरवे, मधले पिवळे, खालचे लाल. तो आकडा तेव्हा मुख्यतः मुलांच्या परीक्षेतल्या गुणांवरून काढत. त्याच्या खाली आणखी दोन तक्ते असायचे. एकात गोरे किती, काळे किती, हिस्पॅनिक किती, आशियाई किती. दुसऱ्यात फुकट किंवा सवलतीचं जेवण घेणारी मुलं किती. सरकारने गरिबीची म्हणून जी रेषा ठरवली आहे, तिच्या १३० टक्क्यांपर्यंत घरचं उत्पन्न असेल तर जेवण फुकट, १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत. आम्ही वहीत रकाने आखले. आकडा, जेवणाचे टक्के, घराची किंमत. चार-पाच रात्रींत लक्षात आलं की जेवणाचा रकाना आधी बघितला तर आकडा न बघताच सांगता येतो. हे लक्षात आल्यावर खरं तर वही मिटायला हवी होती. आमच्यातली एक चिपळूण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मधल्या सुट्टीत सुकडी खाऊन शिकलेली. त्या शाळेला कुणी आकडा दिला असता तर तो लालच असता.

शेवटी दोन घरं उरली. एक हर्नडनच्या बाजूला. तीन खोल्या, मागे अंगण, मावसभावाचं घर हाकेच्या अंतरावर, जुम्याच्या नमाजाला जाणं सोपं. शाळेचा आकडा चार. दुसरं दोन भिंती शेजाऱ्यांना चिकटलेलं, जुनं, अंगण नावापुरतं आणि किंमत जास्त. शाळेचा आकडा नऊ.

चारच्या शाळेत आम्ही जाऊन आलो. वेळ न ठरवता गेलो होतो, तरी मुख्याध्यापिका स्वतः फिरवायला आल्या. कचेरीतल्या पाट्या इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. एका वर्गात एक मुलगा दुसऱ्याला पुस्तकातली ओळ बोट ठेवून वाचून दाखवत होता. दुसरा महिन्यापूर्वीच एल साल्वादोरहून आला होता. शिक्षिका खाली मांडी घालून बसली होती, दुसरीतल्या मुलांशी अपूर्णांकांवर बोलत. पोळी किती जणांत वाटली तर कुणाला किती, असं काहीतरी. आम्ही मात्र दारात उभे राहून चेहरे मोजत होतो. एकमेकांना तसं बोललो नाही. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणालो, "इथं थोरलीला करमायचं नाही."

नऊचं घर घेतलं. मावसभावाला सांगितलं, ऑफिसला जवळ पडतं. पडत नव्हतं.

नऊच्या शाळेचा हट्ट धरायचं आणखी एक कारण होतं, हुशार मुलांचे वेगळे वर्ग. फेअरफॅक्समध्ये तिसरीपासून निवडक मुलांना पूर्ण वेळ वरच्या पातळीचं शिकवतात. त्यासाठी काही शाळा केंद्र म्हणून ठरलेल्या आहेत. नऊच्या शाळेतून पुष्कळ मुलं तिकडे जातात, असं भारतीय मंडळींत सगळेच सांगत. घर घेऊन दोन वर्षं झाल्यावर कळलं की काउंटीतली प्रत्येक शाळा कुठल्या ना कुठल्या केंद्राला जोडलेली आहे आणि निवड झाली तर बस न्यायला येते. म्हणजे हर्नडनच्या अंगणातूनही ती बस थोरलीला घेऊन गेली असती. आम्ही कुणालाच नीट विचारलं नव्हतं, वही भरली होती फक्त.

निवडीची तऱ्हाही तेव्हाच कळली. पहिलीत एक चाचणी, नुसत्या आकृत्यांची. दुसरीत दुसरी, शब्द-आकडे-आकृत्या अशी तिहेरी. त्या वर्षांत १३२ गुण मिळाले की मूल आपोआप विचाराला घेतलं जाई. थोरलीला ते मिळाले नाहीत, तरी वाट बंद नव्हती. पालकांनी अर्ज करावा, मुलाने घरी केलेली कामं जोडावीत, तरी नकार आला तर अपील करावं आणि अपिलाला खासगी मानसशास्त्रज्ञाकडून बुद्धिमापन करून जोडावं. आम्ही हे सगळं केलं. रविवारच्या शिकवणीलाही धाडली. काहीशे डॉलर मानसशास्त्रज्ञाला दिले. सात वर्षांची पोर कुलरमधलं पाणी पीत बाहेर आली आणि म्हणाली, "अम्मी, बाई खूप छान होत्या, पण मी पास झाले का?" अपिलात तिचं झालं.

खोटं कशाला बोला, ते वर्ग चांगले होते. थोरलीला गणिताची गोडी तिथंच लागली. पण तिच्या वर्गात आमच्यासारख्यांचीच मुलं, ज्यांच्या आईबापांना फॉर्म कुठं मिळतो, तारीख कधी संपते आणि 'नाही' आल्यावर कुणाला लिहायचं हे माहीत होतं. आमच्या ऑफिसात संध्याकाळी साफसफाईला येणाऱ्या एका बाईचा मुलगा थोरलीच्याच वयाचा. बाई त्याची वही घेऊन यायची, हिशेब बरोबर आहेत का म्हणून दाखवायची. आम्ही अपिलाचे कागद ऑफिसच्याच यंत्रावर छापले होते. तिला त्यातलं एक पान द्यावं असं तेव्हा सुचलं नाही.

सुचायला हवं होतं, कारण आमच्या गावी कुणाला तरी ते सुचलं होतं. चौथीच्या स्कॉलरशिपला आमच्या शाळेतून फक्त तीन मुलं बसायची, सगळी शिक्षकांची नाहीतर तलाठ्याची. एका वर्षी नवीन गुरुजी आले. त्यांनी अख्खा वर्ग सकाळी सातला बोलावला, फॉर्म स्वतः भरले, फी कुणाची घेतली, कुणाची घेतली नाही. मुलींच्या घरी जाऊन सांगितलं. अब्बा आधी तयार नव्हते. मोहल्ल्यात आधीच कुरकुर होती की मुलीला उर्दू शाळा सोडून मराठीत घातलीच कशाला. गुरुजी ओट्यावर बसून चहा पिऊन गेले आणि अब्बांनी सही केली. त्या परीक्षेची रक्कम महिन्याला किती होती ते आता आठवतही नाही. पण पुढची वाट तिथून फुटली.

शाळा कशी पारखावी, हे पुढे थोडंफार उमगलं. स्टॅनफर्ड विद्यापीठातले शॉन रिअर्डन देशभरच्या शाळांचे गुण गोळा करतात. त्यांचं म्हणणं असं की सरासरी गुण बघितले तर मुलाच्या घरातली परिस्थिती कळते. शाळेनं काय केलं हे बघायचं तर तीच मुलं वर्षागणिक किती पुढं गेली ते बघावं लागतं. शिकागोच्या सरकारी शाळा म्हणजे नावं ठेवायची हक्काची जागा. पण २००९ ते २०१४ या काळात तिथली मुलं तिसरीपासून आठवीपर्यंत पाच वर्षांत सहा वर्षांचं शिकली, असं त्यांनी २०१७ मध्ये दाखवलं. इंटरनेटवरच्या त्या आकड्यांतही आता मुलांच्या प्रगतीला जागा दिली आहे. शिक्षक टिकतात का, ज्यांच्या घरी इंग्रजी नाही त्यांना कोण बघतं, हुशारांची निवड सगळ्या मुलांतून होते की अर्ज करणाऱ्यांतून, हे कुठल्याच तक्त्यात नसतं. शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी अर्धा तास उभं राहिलं तर त्यातलं बरंच कळतं.

२०२० मध्ये थोरली आठवीत होती. विज्ञानासाठी देशभर नावाजलेलं थॉमस जेफरसन हायस्कूल आमच्याच काउंटीत आहे, १९८५ पासूनचं. भारतीय घरांत त्याचं नाव आयआयटीसारखं घेतात. त्या ऑक्टोबरात तिथली प्रवेशपरीक्षा रद्द झाली आणि डिसेंबरात प्रत्येक माध्यमिक शाळेतल्या आठवीच्या दीड टक्का मुलांना जागा राखायचं ठरलं. निवड झालेल्यांत गरीब घरची मुलं आधी एक टक्काही नव्हती, ती पुढच्याच तुकडीत पंचवीस टक्क्यांवर गेली. आशियाई मुलांचा वाटा सुमारे ७३ टक्क्यांवरून ५४ वर आला. पालक न्यायालयात गेले. २०२२ मध्ये जिंकले, २०२३ मध्ये अपिलात हरले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

तेव्हा आमच्या ओळखीत एक निवेदन फिरत होतं. एवढ्या एका ठिकाणी आमचं 'आम्ही' फुटलं. एकाचं म्हणणं, पोरीनं इतकी वर्षं कष्ट केले, पळायला सुरुवात केल्यावर रेघ हलवणं हा अन्याय आहे. एकीचं म्हणणं, पळायला सुरुवात कुणी कुठून केली ते आपल्याला माहीत आहे, चारच्या शाळेतली दोन-चार पोरं आत गेली तर आपण कुणाच्या तोंडानं ओरडायचं? एकाने सही केली, एकीने केली नाही. आठवडाभर घरात ताटावर कुणी बोललं नाही. थोरलीला प्रवेश मिळाला नाही. ती नेहमीच्या हायस्कूलला गेली, आता कॉलेजात आहे, बरी आहे. तिला मिळाला असता तर हे लिहायला बसलो असतो का, हे आम्ही एकमेकांना अजून विचारलेलं नाही.

२०२१ नंतर वॉशिंग्टनच्या उपनगरांत अफगाण कुटुंबं मोठ्या संख्येने आली. ईदच्या नमाजानंतर गळाभेट सुरू असताना आपल्यातलेच एक गृहस्थ सांगत होते, "हर्नडनकडे घर नका घेऊ, शाळांत निर्वासितांची पोरं भरलीत." शेजारीच नव्या कोऱ्या कपड्यांतली ती पोरं फुगे घेऊन पळत होती. आम्ही काही बोललो नाही. मावसभाऊ तिथंच उभा होता.

गेल्या वर्षी चिपळूणहून भाच्याचा फोन आला. कंपनी त्याला आमच्याच भागात पाठवते आहे, बायको आणि सहा वर्षांची मुलगी बरोबर. "फुफी, कुठली वस्ती चांगली ते सांग, तिथंच घर बघतो." आम्ही दोघं फोनच्या दोन बाजूंना बसलो होतो. त्याला हर्नडनच्या त्या शाळेचा पत्ता दिला. म्हटलं, आलास की पहिल्या आठवड्यात दुपारी शाळा सुटायच्या वेळी तिथं जाऊन उभा राहा, मुलीला बरोबर ने, मग बोलू.

तो पत्ता लिहून घेत होता. मग म्हणाला, "रेटिंग किती आहे, फुफी?"

आम्हाला आकडा पाठ होता.