खाणींच्या रानात फुलपाखरांची बाग

दिल्ली म्हटली की लाल किल्ला, कुतुबमिनार आणि करोलबागेतली खरेदी! एवढे उरकले की बहुतेक मराठी कुटुंबे परतीच्या गाडीत बसतात. पण एखादी सकाळ हाताशी असेल, तर कुतुबमिनारहून मेहरौली-बदरपूर रस्त्याने तुघलकाबादकडे जरूर निघावे. डॉ. करणीसिंह नेमबाजी केंद्राजवळ असोला-भट्टी अभयारण्याची वाट लागते.

अरवलीच्या या टेकड्या एकेकाळी खाणींनी पोखरल्या होत्या. राजधानीतील बांधकामांना लागणारी 'बदरपूर' वाळू भट्टीच्या खाणींतून निघे. १९८६ मध्ये असोल्याचा भाग अभयारण्य झाला आणि १९९१ मध्ये भट्टीचा त्यात समावेश झाला. खाणीच्या खड्ड्यांत आता तळी साचली आहेत. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने इथे निसर्ग शिक्षण केंद्र उभारले आणि फुलपाखरांसाठी झाडेही जोपासली.

पावसाळा सरल्यावर, ऊन जरा चढले की इथली फुलपाखरे पंख शेकून उडू लागतात. त्यांना मधासाठी फुले हवीत, तशी अळ्यांसाठी विशिष्ट पानेही हवीत. 'प्लेन टायगर' रुईवर अंडी घालते, तर 'कॉमन मॉर्मन' लिंबू आणि कढीपत्त्यावर. याच मॉर्मनचे थोरले भावंड 'ब्लू मॉर्मन' २०१५ पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे. रुई उपटून नुसती शोभेची फुले लावली, तर फुलपाखरू घटकाभर येईल, पण त्याचा संसार तिथे वाढणार नाही.

परदेशी बागांत मधमाश्यांसाठी 'बी बाम' लावतात. त्याच्या कुंडीत मावणाऱ्या ठेंगण्या जातीही मिळतात. हे रोप मूळचे उत्तर अमेरिकेचे. दिल्लीच्या मे-जूनमधल्या लूपुढे त्याची दमछाक होते. मात्र त्याच्याच कुळातली तुळस आपल्या अंगणात पूर्वीपासून आहे, आणि तिच्या मंजिऱ्यांवरही मधमाश्या तशाच घोंगावतात.

दिल्लीतला फ्लॅट असो वा पुण्यातला, पाच-सहा तास ऊन येणारी गच्ची किंवा बाल्कनी यासाठी पुरेशी आहे. तुळस, लिंबू आणि कढीपत्ता अशा तीन कुंड्या ठेवाव्यात. तुळशीचे कोवळे शेंडे खुडले की ती उंच न वाढता डेरेदार होते. पण सगळ्याच मंजिऱ्या खुडू नयेत, निम्म्या तरी मधमाश्यांसाठी राखाव्यात. कढीपत्त्याची पाने कुरतडलेली दिसली, तर लगेच औषध फवारू नये. आधी पान नीट निरखून पाहावे. पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा तो काळपट-पांढरा ठिपका बहुधा मॉर्मनची अळी असते. फोडणीला चार पाने कमी पडली, तरी थोड्याच दिवसांत मुलांना कोशातून बाहेर येणारे फुलपाखरू घरबसल्या पाहायला मिळेल.