पासबुकातली नोंद

गेल्या वर्षी ऑगस्टअखेर माझ्या खात्यात २,७०० रुपये जमा झाले. ‘कमवा व शिका’ योजनेत ग्रंथालयात रोज तीन तास पुस्तकांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, कपाटे पुसली, त्याचे ते पैसे. पासबुकावर उमटलेली ती ओळ मी एस.टी. स्टँडवर बसून चार वेळा वाचली. आमच्या घरात दरमहा ठरलेला पैसा कुणाच्या नावावर येण्याची ही दुसरीच वेळ.

पहिला मान दादाचा. २०२४ साली राज्य शासनाने ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ आणली. बारावी झालेल्यांना दरमहा ६,०००, आय.टी.आय. वा पदविकावाल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन, तेही थेट खात्यात. मुदत आधी सहा महिन्यांची होती, पुढे ती अकरा महिने झाली. दादा तालुक्याच्या एका कार्यालयात जाऊ लागला आणि आई गल्लीभर सांगत सुटली, “पोरगं सरकारी हापिसात लागलं!” लागलं नव्हतं, शिकायला गेलं होतं. हा फरक आम्हांला कळायला अकरा महिने लागले.

तेवढ्यात तो काय शिकला? जावक नोंदवही लिहायला, कागद फायलीला लावायला आणि चहा किती कप सांगायचा ते ओळखायला. शेवटी एक प्रमाणपत्र मिळाले. दरम्यान सहा हजारांच्या भरवशावर त्याने हप्त्यावर मोटारसायकल घेतली होती. विद्यावेतन थांबले, हप्ता थांबला नाही. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. त्यात निदान एखादा हुन्नर ठरवून शिकवतात. आमच्या वाडीतला फिटर झालेला मुलगा त्याच वाटेने गेला. दादाच्या हाताला मात्र अकरा महिन्यांत पान्हाही लागला नाही. याला योजनेचा दोष म्हणावे की त्या कार्यालयाचा, मला ठरवता येत नाही; पण दादाला आळशी म्हणणाऱ्यांशी मी भांडते.

एका संध्याकाळी आप्पा म्हणाले, “तुझं ते पैसं दादाच्या हप्त्याला दे. पोरीच्या जातीला काय लागतंय?” रागाने नव्हे, अगदी सहज म्हणाले. तीन महिने मी दिले. पासबुकही आप्पांच्या ट्रंकेतच असे. शासन पैसे थेट खात्यात टाकते हे उत्तमच, पण ट्रंकेची किल्ली कोणाकडे, हे शासनाला कसे कळावे?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तिथे मुले राबून शिकली. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडले, हे आपण सारेच भाषणांत सांगतो. मीही वक्तृत्व स्पर्धेत हा प्रसंग सांगून टाळ्या घेतल्या आहेत. परंतु हप्ता भरण्याच्या त्या तीन महिन्यांत मला प्रथमच वाटले, की त्यांनी दिले ते स्वतःहून. माझे पैसे मला विचारण्याआधीच गेलेले असत. मग दिल्याचे समाधान तरी कुठून येणार?

चौथ्या महिन्यात परीक्षा शुल्काची नोटीस लागली. जेवताना मी म्हणाले, “आप्पा, ह्या महिन्याचे नाही देत. आणि पासबुक माझ्याजवळ ठेवते.” आईचा हात परातीतच थांबला. आप्पा काही न बोलता उठले, हात धुऊन ओट्यावर जाऊन बसले. दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मी अभ्यासाला बसले, तेव्हा पासबुक माझ्या वह्यांवर ठेवलेले होते. कोणी ठेवले, मी विचारले नाही.

मोटारसायकल मार्चमध्ये विकली. घाट्यातच.

परवा दादा दारात उभा राहून म्हणाला, “आय.टी.आय.ला ह्या वयात घेतात का गं? फी किती पडते?” पैसे त्याने मागितले नाहीत. ग्रंथालयातल्या सरांना विचारून सांगते, म्हणाले. आणि माझे शुल्क भरून मागे किती उरतील, तो हिशेब वहीच्या शेवटच्या पानावर मांडून ठेवला आहे.