अंदाज आणि तराजू

आपल्याकडे एखाद्या बाईच्या स्वयंपाकाची सगळ्यात मोठी तारीफ कोणती? "तिच्या हाताला अंदाज आहे." बिर्याणीत मीठ अंदाजानं, खिचड्यात डाळ अंदाजानं, शीरखुर्म्यात साखर अंदाजानं. अम्मीला प्रमाण विचारलं की उत्तर ठरलेलं, "थोडा", "जरासा", "दिखता ना तेरे कू, उतना". ही विद्या खोटी नाही. रस्सा उकळताना चाखता येतो, मीठ कमी वाटलं तर वरून टाकता येतं, पाणी जास्त झालं तर आटवता येतं. अंदाज चालतो, कारण दुरुस्तीला वाव असतो.

केकचं तसं नाही. ओव्हनचं दार लावलं की पुढची चाळीस मिनिटं आपला हात तिथं पोचत नाही. चाखता येत नाही, ढवळता येत नाही, वरून काही घालता येत नाही. सगळा हिशेब आधीच करून ठेवावा लागतो. गेल्या काही वर्षांत घरी केक करायला शिकताना मला ही एक गोष्ट पक्की कळली, आणि तिचा उपयोग स्वयंपाकघराच्या बाहेरही झाला. आज त्याबद्दल.

भट्टीशी आमची ओळख तशी जुनी. रमजानचा शेवटचा आठवडा आला की घरोघरी मैदा, रवा, तूप आणि पिठीसाखर मळून नानखटाई वळायची आणि पत्र्याच्या ट्रेमध्ये रचून बेकरीत न्यायची. ट्रेवर खडूनं नाव. बेकरीवाल्याची पावाची खेप निघाली की उतरत्या आचेवर आपल्या ट्रे आत जायच्या. हिंदू शेजारणी दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत हेच करत. भट्टी एकच, नावं वेगळी.

भाषा शिकवणारी असल्यामुळे मला या शब्दांची गंमत वाटते. "नान" म्हणजे फारसीत रोटी. मैदा, तराजू, अंदाज हेही फारसीतून आलेले. वजन अरबीतून. पाव पोर्तुगिजांनी दिला, बिस्कीट आणि केक इंग्रजांनी. नानखटाईबद्दल असं सांगतात, की सुरतेत डच लोकांची बेकरी एका पारशी कारागिराकडे आली आणि तिथं ती रूपाला आली. म्हणजे मराठीत केक करायला बसलं की अर्ध्या दुनियेच्या भाषा ओट्यावर येऊन बसतात.

आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या बेकरीवाल्या चाचांकडून मी भट्टीचं पहिलं शास्त्र शिकले. ते चिमूटभर मैदा भट्टीच्या फरशीवर टाकायचे आणि तो किती वेळात तांबूस होतो ते बघायचे. लगेच काळा पडला तर थांबायचं, बदामी झाला तर ट्रे आत. मी म्हटलं, "चाचा, हा तुमचा अंदाज." ते म्हणाले, "अंदाज नै बेटा, नाप है. थर्मामीटर तेरे पास, मैदा मेरे पास." त्या दिवसापासून अंदाज आणि माप यांतला फरक मला नीट दिसायला लागला. चाचा दरवेळी तीच कसोटी लावत होते, म्हणून त्यांची नानखटाई दरवेळी तीच निघायची.

घरात छोटा ओटीजी आला तेव्हा मी प्रथम दोन वस्तू घेतल्या. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर. काटा यासाठी, की वाटी फसवते. तीच वाटी चमच्यानं हलकेच भरली तर १२० ग्रॅम मैदा बसतो, पिठाच्या डब्यात खुपसून दाबून भरली तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. केक कोरडा होण्याचं निम्मं कारण इथंच असतं. थर्मामीटर यासाठी, की बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांचं नेहमीच जमतं असं नाही.

सुरुवात करणाऱ्यांना मी साध्या बटर केकपासून सुरू करा असं सांगते, कारण त्याचं प्रमाण लहान मूलही लक्षात ठेवेल. अंडी, लोणी, साखर, मैदा, चारही समान वजनाचे. चार अंडी फोडून वजन करा, साधारण १८० ते २०० ग्रॅम भरतील. जेवढं भरेल तेवढीच बाकीची तीन जिन्नसं, आणि एक छोटा चमचा बेकिंग पावडर.

आता यातलं मर्म. लोणी आणि साखर फेटतो ते गोड करायला नव्हे, हवा भरायला. साखरेचे कण लोण्यात बारीक बारीक बुडबुडे कोरतात. बेकिंग पावडर नवे बुडबुडे तयार करत नाही, असलेले फुगवते. म्हणून फेटण्यात कंटाळा केला तर पावडर वाढवून भागत नाही, उलट केक कडवट लागतो. लोणी असं हवं, की बोट दाबलं तर खड्डा पडावा पण ते चकाकू नये. पुस्तकं लिहितात "खोलीच्या तापमानाचं लोणी". ती खोली नेवाशातली मे महिन्यातली नसते! आपल्याकडे उन्हाळ्यात लोणी फ्रिजमधून काढून दहा मिनिटं पुरतात, डिसेंबरात तासभर. अंडी मात्र थंड नकोत, थंड अंड्यानं फेटलेलं लोणी फाटतं. आणि मैदा घातल्यावर हात आवरायचा. मैदा जितका ढवळाल तितकी त्यात चिकाटी येते. ती चपातीला हवी, केकला नको.

उष्णतेचं आपल्या लोकांना वेगळं शिकवायला नको. ज्याला दम कळतो त्याला केक कळतो. बिर्याणीला खालून आच आणि झाकणावर निखारे, बंद भांडं, आणि मध्ये झाकण उघडायचं नाही. ओव्हन म्हणजे हाच दम. पहिली पंचवीस मिनिटं दार उघडू नका. तोवर केक फुगलेला असतो पण आतून उभा राहिलेला नसतो. गार हवा लागली की मधोमध बसतो. १६५ ते १७० अंशांवर पाऊण तास, मग सुई घालून बघा, कोरडी निघाली की झालं. आणि वीज? आमच्याकडे ती कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून मी जुना ॲल्युमिनियमचा कुकर मोडीत दिलेला नाही. तळाशी मीठ, वर जाळी, झाकणाची रिंग आणि शिट्टी काढलेली, मंद गॅस. ओटीजी नव्हता तेव्हा महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत केक असाच झाला आहे.

आता अंड्याची गोष्ट. शेजारच्या काकू माळकरी. त्यांच्या नातवाच्या वाढदिवसाला त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही केक करा, पण अंडं नको हं." अंड्याशिवाय केक म्हणजे कमअस्सल, असं समजणाऱ्यांनी एक इतिहास ऐकावा. इंग्लंडमधल्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं आणि खमीरही. तिच्यासाठी त्यानं बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली आणि १८४३ मध्ये बेकिंग पावडर. म्हणजे आज जगभर जी बेकिंग पावडर वापरतात, तिच्या मुळाशी एका माणसाच्या ताटातली अडचण आहे. कुणाला काय चालत नाही हे विचारणं हीच तिथली सुरुवात.

बिनअंड्याच्या केकला मी दही घेते. दही २५० ग्रॅम, साखर १५०, तेल १००, मैदा २००, बेकिंग पावडर सव्वा छोटा चमचा, सोडा अर्धा. दह्याचा आंबटपणा आणि सोडा भेटले की लगेच वायू सुटतो, त्यामुळे मिश्रण झालं की थांबायचं नाही, ओव्हन आधीच तापलेला हवा.

त्या केकच्या निमित्तानं काकू आणि मी दुकानात एकत्र गेलो, आणि दोघी एकाच पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचायला लागलो. मी इसेन्सच्या बाटलीवर अल्कोहोल शोधत होते, कारण खऱ्या व्हॅनिलाच्या अर्कात ते असतं. काकू हिरवा ठिपका शोधत होत्या. जेली क्रिस्टलवर जिलेटिन लिहिलेलं दिसलं, तेव्हा दोघींनी एकदमच पाकीट खाली ठेवलं. ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून होतं. त्यांना कुठलंच नको, मला ते हलाल आहे की नाही याची खात्री नको का? केक जेलवरच्या ४७१ या आकड्याचंही तेच. तो पदार्थ वनस्पतीपासूनही होतो आणि चरबीपासूनही. हिरवा ठिपका असला की दोघींचा जीव भांड्यात पडतो. दोन धर्मांच्या दोन बायका, कारणं वेगळी, पण नजर एकाच ओळीवर. हलाल शोधणारे आणि शाकाहार पाळणारे एकमेकांना किती सहज समजू शकतील, हे मला कुठल्या भाषणात नाही, किराणा दुकानात कळलं.

सगळेच काकूंसारखे नसतात हेही लिहिलं पाहिजे. मुसलमानाच्या हातचं खाऊ नका, ते अन्नात असं करतात आणि तसं करतात, असे व्हिडिओ आपल्या सर्वांच्या मोबाईलवर येऊन गेले आहेत. २०२५ साली आपल्याच जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेनं कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना बंदी करण्याचा ठराव केला. काकूंनाही कुणीतरी विचारलं होतंच, "त्यांच्याकडून केक?" काकूंनी उत्तर दिलं, "मी स्वतः सामान आणलंय आणि प्रमाण मला तोंडपाठ आहे."

मी या दोन प्रश्नांत फरक करते. "यात अंडं आहे का?" हा गरजेचा प्रश्न आहे. त्याला ग्रॅममध्ये उत्तर देणं माझं कर्तव्य आहे. "तुमच्या हातचं कसं खायचं?" हा प्रश्न प्रश्नच नाही. त्याला कितीही पाकिटं दाखवली तरी उत्तर पुरणार नाही, आणि ते देत बसण्याची जबाबदारी माझी नाही. पहिल्याला टाळायचं नाही, दुसऱ्यासमोर वाकायचं नाही.

नेवाशात राहून हे लिहिताना मुक्ताईच्या मांड्यांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, इथल्या पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पण त्या भावंडांची आळंदीतली कथा मराठी घरात पोथीआधी ऐकायला मिळते. वाळीत टाकलेल्या घरातल्या मुलीला मांडे करायचे होते, आणि विसोबानं कुंभारांना ताकीद दिली, की तिला खापर द्यायचं नाही. तेव्हा ज्ञानदेवांनी पाठ तापवली आणि मुक्ताईनं तिच्यावर मांडे भाजले. चमत्कारावर विश्वास ठेवायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला त्यातला कावा ओळखीचा वाटतो. माणसाला तोडायचं तर त्याची चूल तोडा, भांडं अडवा, बाजार बंद करा. कथेचा शेवटही लक्षात ठेवण्यासारखा आहे. तोच विसोबा पुढं त्या घरचं उष्टं खाऊन शरण आला, आणि विसोबा खेचर म्हणून संत नामदेवांचा गुरू झाला.

आपल्याकडे मापाची ताकीद काही नवी नाही. सूरह रहमानमध्ये तोल न्यायानं ठेवायला सांगितलं आहे, आणि सूरह मुतफ्फिफीनचं नावच मापात कमी देणाऱ्यांवरून पडलं आहे. आपण ते दुकानदाराला उद्देशून समजतो. ओट्यावरच्या काट्यालाही ते लागू आहे असं मला वाटतं. मुलींना मी सांगते, रेसिपी लिहाल तर ग्रॅममध्ये लिहा आणि एकही जिन्नस लपवू नका. "हमारे घर का राज" म्हणून अर्धं प्रमाण सांगण्यात मोठेपणा नाही.

काकूंना मी दह्याच्या केकचं प्रमाण मराठीत लिहून दिलं. त्यांनी काटा विकत घेतला आणि आता त्यांचा केक माझ्याहून हलका होतो, हे मी निमूटपणे मान्य केलं आहे. बदल्यात मी पुरणपोळीचं प्रमाण मागितलं. त्यांनी चिठ्ठी पाठवली: डाळ एक किलो, गूळ एक किलो, बाकी सगळं अंदाजानं.